पाठ केलेले वर-खाली

‘अंडर द वेदर’ म्हणजे आजारी. ‘ओव्हर द मून’ म्हणजे अतिशय आनंदी. ‘अप इन द एअर’ म्हणजे अनिर्णित. ‘बिलो द बेल्ट’ म्हणजे अन्यायाचे. ‘ऑन द फेन्स’ म्हणजे तटस्थ. अशा पाचशे ओळींची वही रामनगरात झेरॉक्सच्या दुकानात मिळते, पूल ओलांडून लंकेला गेलात तर विद्यापीठाच्या दाराशी मिळते, आणि पुण्याच्या सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांच्या मुलांच्या खोल्यांत ती नसेल असे मला वाटत नाही. डाव्या हाताला इंग्रजी, उजव्या हाताला हिंदी किंवा मराठी एखादा शब्द, मध्ये बरोबरचे चिन्ह. मुले ती घेऊन बसतात आणि ओठ हलवत पाठ करतात. त्यांच्या पणजोबांनी अमरकोश असाच पाठ केला असेल. अमरकोशाला निदान छंद तरी आहे.

माझे भांडण इंग्रजीशी नाही, हे आधीच सांगतो, कारण मराठीत अशा विषयावर लिहायला बसलेला माणूस दुसऱ्या परिच्छेदात मातृभाषेचा झेंडा काढणार अशी वाचकाची तयारी झालेली असते. वाक्प्रचार शिकवू नयेत असेही माझे म्हणणे नाही. माझे भांडण आहे ते त्या दोन रकान्यांमधल्या बरोबरच्या चिन्हाशी. ते चिन्ह खोटे आहे. शिवाय ते ज्या शब्दांच्या बाबतीत सर्वांत जास्त खोटे आहे, नेमके तेच शब्द या वहीत सर्वांत जास्त आहेत: वर, खाली, आत, बाहेर, मागे, पुढे, मध्ये, पार. इंग्रजीतले अप, डाउन, इन, आउट, ऑन, ओव्हर, अंडर, बिहाइंड. भाषेतले हे शब्द मूल अंगाने शिकते. रांगताना पलंगाखाली शिरून, कडेवर चढून, दाराआड लपून. त्यांना जागा असते म्हणूनच त्यांना अर्थ असतो. आणि आपण ते शिकवतो असे, की जणू त्यांना कसलीच जागा नाही, प्रत्येक ओळ म्हणजे एक कुलूपबंद पेटी, बाहेर चिठ्ठी लावलेली.

हे का होते ते सगळ्यांना माहीत आहे. कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधरांच्या परीक्षेचा पहिला टप्पा घ्या. १०० प्रश्न, २०० गुण, ६० मिनिटे. त्यातले २५ प्रश्न इंग्रजीचे. उत्तर चुकले तर अर्धा गुण वजा. म्हणजे एका प्रश्नाला छत्तीस सेकंद. त्या छत्तीस सेकंदांत पोराला चार पर्यायांतून ‘अप इन द एअर’चा अर्थ निवडायचा असतो. वाक्य असलेच तर शोभेपुरते. एक मराठी घरातली मुलगी या प्रश्नाला ‘गर्विष्ठ’ या पर्यायावर खूण करून आली. घरी तिची थट्टा झाली. मला मात्र तिच्या उत्तरात त्या वहीपेक्षा जास्त अक्कल दिसली. मराठीत माणूस हवेत असतो तेव्हा तो फुगलेला असतो, ‘सध्या स्वारी हवेत आहे’ असे आपण म्हणतो. तिने शब्द वाचला, आपल्या भाषेतले चित्र काढले आणि त्यावरून अर्थ लावला. चूक एवढीच झाली की इंग्रजीतली ती वस्तू हवेत उडत नव्हती, खाली पडली नव्हती इतकेच. आपल्याकडे त्यासाठी वेगळा शब्द आहे, ‘अधांतरी’. लग्नाची बोलणी अधांतरी आहेत, बदलीचा हुकूम अधांतरी आहे. तिला कोणी एकदा ‘हवेत’ आणि ‘अधांतरी’ शेजारी ठेवून दाखवले असते तर ती ‘अप इन द एअर’ जन्मात विसरली नसती. वहीत ते नव्हते. वहीत बरोबरचे चिन्ह होते.

आता मी जिथे राहतो त्या गावाविषयी बोलायला हवे, कारण जागेचे शब्द रामनगरात जितके जिवंत आहेत तितके फार थोड्या ठिकाणी असतील. पलीकडे काशी, अलीकडे आम्ही. काशीत मरणाऱ्याला मोक्ष आणि या तीरावर मरणाऱ्याला गाढवाचा जन्म, अशी समजूत आहे. व्यासांना शिवाने काशीतून बाहेर काढले तेव्हा ते इथे येऊन बसले, म्हणून ही व्यासकाशी. नदीच्या एका बाजूला मुक्ती आणि दुसऱ्या बाजूला गाढव. ‘अल्याड-पल्याड’ या शब्दांवर इतके ओझे दुसरीकडे कुठे पडले असेल! समोरच्या तीरावरच्या घाटाचे नावच सामने घाट. समोर कशाच्या, तर आमच्या. बनारसी माणूस नावेने पलीकडच्या वाळूत मजा करायला जातो त्याला तो ‘बहरी अलंग’ म्हणतो, बाहेरची बाजू. तेवढ्या दोन शब्दांत अंघोळ, भांग, मोकळी हवा आणि शहरापासून मिळालेली सुट्टी सगळे आले. याचा अर्थ वहीच्या उजव्या रकान्यात एका शब्दात लिहून दाखवा.

आणि रामलीला. उदितनारायण सिंहांच्या काळापासून, १८३० च्या आसपास सुरू झालेली, एकतीस दिवसांची. इथे रंगमंच नाही, गावच रंगमंच आहे. अयोध्या एकीकडे, जनकपूर दुसरीकडे, पंचवटी तिसरीकडे, लंका पार टोकाला. प्रेक्षक बसून राहत नाहीत, रामाच्या मागोमाग चालतात. माइक नाही, विजेचे दिवे नाहीत. लंका दूर आहे हे इथल्या पोराला कोणी सांगावे लागत नाही, त्याचे पाय दुखतात. असे पोर संध्याकाळी शिकवणीला जाते, आणि तिथे त्याला सांगतात, ‘बियाँड द पेल’ म्हणजे अशोभनीय, लिहून घे. ‘पेल’ म्हणजे कुंपणाचा खुंट, हद्द. हद्दीबाहेर गेलेला. लक्ष्मणरेषा ओलांडणे हा वाक्प्रचार ज्याच्या पायांखालून गेला आहे त्याला ही गोष्ट समजायला अर्धे मिनिट लागत नाही. पण शिकवणीच्या खोलीत रामलीला आणायची परवानगी नाही. तिथे इंग्रजी इंग्रजीतूनच शिकायचे असते, फक्त पाठ मात्र हिंदीतून करायचे असते.

थोडे विषयांतर करतो, पण ते फार दूर जाणारे नाही. काशीच्या घाटावर पहाटे उभा राहिलेला माणूस पूर्वेकडे तोंड करून उभा असतो. ‘पूर्व’ या शब्दाचा अर्थच मुळात पुढचा, समोरचा, आणि म्हणून आधीचाही. ‘पश्चिम’ म्हणजे मागची बाजू. ‘दक्षिण’ म्हणजे उजवीकडची. आपल्या दिशा म्हणजे सूर्याकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या माणसाचे अंग आहे. गंगा इथे दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, म्हणजे त्या माणसाच्या उजव्या हाताकडून डाव्या हाताकडे, आधी आमचे रामनगर, मग अस्सी, मग बाकीची काशी. आणि बघा, आपण ‘पूर्वी’ असे म्हणतो तेव्हा काळाची गोष्ट करत असतो. समोर असलेले ते आधीचे. इंग्रजीचा ‘बिफोर’ही तेच करतो, एकदा समोर आणि एकदा आधी. पण मराठीतच आपण ‘मागे एकदा असे झाले होते’ आणि ‘पुढे बघू’ असेही म्हणतो, तिथे गेलेला काळ पाठीमागे आहे. एकाच भाषेत दोन्ही चालते. मुलांना हे दाखवले की ती हसतात, आणि हसल्यावर इंग्रजीतले ‘लुक फॉरवर्ड टू’ आणि ‘बिफोर’ एकमेकांशी का भांडत नाहीत ते त्यांना कळते. यासाठी व्याकरणाची परिभाषा लागत नाही. तोंड कुठे आहे ते विचारावे लागते.

जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन या दोघांचे १९८० साली आलेले पुस्तक अनेकांनी वाचले असेल. माणूस आनंदाला वर आणि दुःखाला खाली ठेवतो, सत्तेला वर आणि पराधीनतेला खाली, हे त्यांनी इंग्रजीच्या उदाहरणांनी दाखवले. त्यात मराठी माणसाला नवल वाटण्यासारखे काही नाही. आपला वरचष्मा असतो, माणूस वरचढ ठरतो, प्रकृती खालावते, आपण कोणाच्या हाताखाली काम करतो. नवल पुढेच आहे. तत्त्व एक असले तरी चित्रे सारखी नसतात, आणि शिकण्यासारखे जे आहे ते त्या फरकात आहे. इंग्रज नवरा बायकोच्या अंगठ्याखाली असतो, मराठी नवरा ताटाखालचे मांजर होतो. दोघेही खाली आहेत. पण अंगठ्याखाली दाब आहे, ताटाखाली उष्ट्याची आशा आहे. मराठी चित्र जास्त कडवट आहे, आणि माझ्या मते जास्त खरे. हिंदीत ताटाला वेगळेच काम आहे. ‘थाली का बैंगन’ म्हणजे जिकडे उतार तिकडे घरंगळणारा माणूस. रामनगरच्या भंट्याला, म्हणजे आमच्या त्या प्रसिद्ध वांग्याला, २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आमच्या मुलांना ताटातले वांगे समजावून सांगावे लागत नाही. मराठी घरातल्या पोराच्या डोक्यात ताटाखाली मांजर, ताटात वांगे अशी दोन चित्रे आधीच आहेत. तिसरे, अंगठ्याचे, त्यांच्या शेजारी ठेवा. तीन चित्रे एकमेकांना धरून राहतात. एकटी ओळ परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी गळून पडते.

फसवणारी चित्रेही याच पद्धतीने पकडता येतात. ‘बिलो द बेल्ट’ हा मुष्टियुद्धातला नियम, पट्ट्याच्या खाली ठोसा मारायचा नाही. मराठीत ‘कमरेखालचा विनोद’ म्हणजे अश्लील विनोद. दोन्हीकडे कंबर आहे, दोन्हीकडे खाली आहे, पण एकीकडे दगाबाजी आहे, दुसरीकडे चावटपणा. हल्ली आपली वर्तमानपत्रे ‘कमरेखालचा वार’ असे लिहू लागली आहेत आणि ते खपूनही गेले आहे. खपू दे. पण पोराला दोन्ही कमरा माहीत असाव्यात. ‘ओव्हर माय हेड’ आणि ‘डोक्यावरून गेले’ हे मात्र हुबेहूब जुळतात. ‘बिहाइंड द सीन्स’ला ‘पडद्यामागे’ चालते, ‘पडद्याआड’ लिहिले की सावध व्हावे लागते. ‘सचिवसाहेब पडद्याआड आहेत’ इथपर्यंत ठीक, त्याच्या आधी एखाद्याने चुकून ‘काळाच्या’ लिहिले तर साहेबांच्या घरी रडारड होईल. मागे आणि आड यांत फरक आहे. ‘आड’ असलेली वस्तू दिसत नाही, ‘मागे’ असलेली दिसूही शकते. पाठीमागे बोलणारा आणि पाठीशी उभा राहणारा, दोघेही एकाच ठिकाणी उभे आहेत. मराठीने एका प्रत्ययाने शत्रू आणि मित्र वेगळे केले. इंग्रजीत ‘बिहाइंड माय बॅक’ आणि ‘बिहाइंड मी’ एवढाच फरक पडतो, आणि आमची मुले तो हटकून चुकतात, कारण कोणी त्यांना स्वतःच्या पाठीकडे वळून बघायला सांगितलेले नसते.

‘ऑन द फेन्स’विषयी एक शब्द. आता त्याला ‘कुंपणावर बसणे’ म्हणतात. माझे काही म्हणणे नाही. पण ज्या भाषेत ‘तळ्यात-मळ्यात’ आहे, तिथे कुंपण उसने आणायची घाई कशाला? जमिनीवर एक रेघ काढायची, इकडे तळे, तिकडे मळा, कोणी ओरडेल तशी उडी मारायची. मराठी शाळेतले कोणतेही मूल ती उडी मारून आलेले आहे. शिकवणीच्या खोलीत खडूने एक रेघ ओढा आणि ‘इन’, ‘आउट’, ‘ऑन’, ‘अक्रॉस’ एवढे चार शब्द उड्या मारत शिकवा. पदवीधर मुलांना लाज वाटेल म्हणता? वाटू द्या, दहा मिनिटांनी जाईल.

या सगळ्याहून मोठी गोष्ट वेगळी आहे आणि तिच्याविषयी वहीवाले अवाक्षर काढत नाहीत. चमत्कारिक वाक्प्रचार थोडे असतात. ‘अंडर द वेदर’ वर्षातून एकदा भेटेल. पण ‘ईट अप’, ‘यूज अप’, ‘राइट डाउन’, ‘थ्रो अवे’, ‘रीड ऑन’, ‘सिट अप’ हे इंग्रजीच्या प्रत्येक पानावर भेटतात. आमची मुले इथे अडतात. ‘ड्रिंक अप’ म्हणजे वर पिणे? पेला वर करून पिणे? वहीत उत्तर एवढेच, की पूर्ण पिणे. मग ‘गिव्ह अप’ म्हणजे पूर्ण देणे का? तर नाही, सोडून देणे. आता पुढची ओळ पाठ कर. अरे, पण मराठी पोराला हे सगळे येते! आपण ‘खा’ आणि ‘खाऊन टाक’ यांत फरक करतो. ‘लिही’ आणि ‘लिहून घे’, ‘फेक’ आणि ‘फेकून दे’, ‘बोलला’ आणि ‘बोलून बसला’, ‘वाच’ आणि ‘वाचत राहा’. इंग्रजी जे काम अप, डाउन, अवे, ऑन यांच्याकडून करून घेते, ते मराठी टाकणे, देणे, घेणे, बसणे, राहणे यांच्याकडून करून घेते. हिंदीही तेच करते, ‘खा डालो’, ‘लिख लो’. ‘ड्रिंक अप’ला ‘पिऊन टाक’ म्हटले की ‘अप’ काय करतो ते कळले, आणि ‘गिव्ह अप’ला ‘सोडून दे’ हे आपोआप तोंडात आले. सगळीकडे जुळेल असे मी म्हणत नाही. ‘लिहून घे’मधला ‘घे’ स्वतःकडे ओढतो आणि ‘राइट डाउन’मधला ‘डाउन’ कागदावर ठेवतो, दोघांची दिशा निराळी आहे. ती निराळी आहे हे कळणे म्हणजेच दोन्ही भाषा कळणे. एवढा मोठा कारखाना पोराच्या तोंडात चालू असताना आपण त्याला बाहेरून पाचशे सुटे स्क्रू विकतो.

यावर शिकवणीवाल्यांचे उत्तर ठरलेले आहे आणि ते अगदीच टाकाऊ नाही. ते म्हणतात, साहेब, आम्ही भाषा शिकवत नाही, नोकरी मिळवून देतो. पोराच्या बापाने शेत गहाण टाकून फी भरली आहे. त्याला छत्तीस सेकंदांत उत्तर हवे, तुमची ताटाखालची मांजरे नकोत. दुसरे असे, की वाक्प्रचाराला तर्क नसतो, असतो तो असतो, म्हणून पाठांतराला पर्याय नाही. पहिल्या मुद्द्यातली तळमळ मला मान्य आहे. पण त्याच पोराच्या दृष्टीने हिशेब मांडा. अर्धा गुण वजा होतो तो अर्धवट आठवणाऱ्याचा. ज्याला ओळ मुळीच आठवत नाही तो प्रश्न सोडून देतो. ज्याला दोन ओळी एकमेकींत मिसळलेल्या आठवतात तो चुकतो, आणि सुट्या ओळी मिसळतातच. ‘इन हॉट वॉटर’ आणि ‘इन डीप वॉटर’, ‘ऑन द बॉल’ आणि ‘ऑन द रोप्स’. दुसरा मुद्दा अर्धाच खरा आहे. काही वाक्प्रचार खरोखर बंद पेट्या आहेत, ते पाठ करावेत, तक्रार नाही. पण फ्रांक बोअर्स या बेल्जियन अभ्यासकाने २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की असे शब्दप्रयोग त्यांच्यामागच्या चित्रांनुसार गटागटाने मांडून दिले तर विद्यार्थ्यांच्या ते जास्त लक्षात राहतात. म्हणजे पोराच्या नोकरीच्या दृष्टीनेही वही हा तोट्याचाच सौदा आहे. आतबट्ट्याचा व्यवहार, असे मराठीत म्हणतात. तिथेही ‘आत’ आहे, बघा.

मग वही का चालते? कारण ती शिकवायला सोपी आहे. शिकवणाऱ्याला त्यात काही माहीत असावे लागत नाही.

उलट बाजूने माझ्यावर येणारे लोक मला जास्त परिचयाचे आहेत, कारण ते आपल्यातलेच आहेत. मराठीत इंग्रजी वाक्प्रचारांची भाषांतरे घुसली, मराठी बाटली, म्हणून पोरांना दोन्ही भाषा शेजारी ठेवून शिकवणे धोक्याचे आहे, असे ते म्हणतात. त्यांच्या सभेच्या निमंत्रणपत्रिका मी वाचतो. ‘अमुक यांच्या अध्यक्षतेखाली, तमुक यांच्या मार्गदर्शनाखाली’ मराठी वाचवण्यासाठी सभा! हा ‘खाली’ इंग्रजी ‘अंडर’च्या वळणावर चालतो. नेतृत्वाखाली, देखरेखीखाली, दबावाखाली, नावाखाली, सगळे त्याच वळणाचे. ते रुळले, कारण ‘हाताखाली’ आपल्याकडे आधीपासून होते. पाहुण्याला बसायला घरात पाट होता. जिथे तसा पाट नसतो तिथे भाषांतर अवघडून उभे राहते. ‘या घटनेच्या प्रकाशात’ असे वाचले की मला अजून दिवा शोधावासा वाटतो. म्हणजे घाबरण्याचे कारण भाषा शेजारी ठेवणे हे नाही. न बघता ठेवणे हे आहे.

काशीतच याचे मोठे उदाहरण होऊन गेले. बाबूराव विष्णु पराडकर, जन्म १८८३, काशीच्या मराठी घरातले, आणि ‘आज’ या हिंदी दैनिकाचे संपादक. इंग्रजी तारा येत, हिंदीत बातमी करायची, आणि घरी मराठी. ‘प्रेसिडेंट’साठी ‘राष्ट्रपति’ हा शब्द रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. तीन भाषा एका डोक्यात नांदत होत्या म्हणून हे जमले. पराडकरांना कोणी वर्गात दटावले असते, की इंग्रजी शिकताना मराठी तोंडातून काढायची नाही, तर हिंदी पत्रकारिता किती गरीब राहिली असती याचा विचार करावा. दुर्गाघाट-ब्रह्माघाटाकडच्या मराठी वस्तीत आजही अशी घरे आहेत जिथे आजी मराठीत रागावते, नातू हिंदीत उत्तर देतो आणि दूधवाल्याशी दोघे भोजपुरीत बोलतात. या पोरांना भाषा शिकवताना आपण त्यांची सर्वांत मोठी मिळकत दाराबाहेर चपलांबरोबर काढून ठेवायला लावतो.

आपल्याकडे पूर्वी याहून बरी रीत होती. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची पुढे थट्टा झाली, ‘तर्खडकरी इंग्रजी’ हा हेटाळणीचा शब्द झाला. पण त्या पुस्तकांनी मराठी वाक्य समोर ठेवून इंग्रजी घडवायला लावले. ती मराठीला लाजत नव्हती. मग घरोघर रेन आणि मार्टिनचे व्याकरण आले. ते मूळ हिंदुस्थानातल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी लिहिलेले. ज्या मुलांनी चंद्रावरून उडी मारणाऱ्या गायीचे गाणे पाळण्यात ऐकले, त्यांना ‘ओव्हर द मून’ची फोड लागत नव्हती. आम्हाला लागते. पुस्तक वाईट नाही. ते आपल्याला उद्देशून लिहिलेले नाही, एवढेच. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. त्या पहिल्या पिढीची मुले आज तिशीत आहेत. ती सदाशिव पेठेत बसून ‘अप इन द एअर’ पाठ करतात. पहिलीपासून शिकलेल्या भाषेतला ‘अप’ बाविसाव्या वर्षी झेरॉक्सवरून पाठ करावा लागतो, याची लाज पोराने नव्हे, आपण बाळगावी.

काय करावे हे मी सांगू शकतो, आणि त्याला खर्च येत नाही. परीक्षा घेणाऱ्यांनी सुटा वाक्प्रचार विचारणे थांबवावे. दोन वाक्ये द्यावीत, ‘त्याचे प्रमोशन अजून अप इन द एअर आहे’ आणि ‘प्रमोशन मिळाल्यापासून तो अप इन द एअर आहे’ अशा जातीची, पूर्ण इंग्रजीत, आणि कोणते ठीक ते विचारावे. पाठ केलेले पोर तिथे थांबेल, समजलेले पुढे जाईल. शिकवणाऱ्यांनी दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ वर्गात आणावा. १९४२ ते १९४७ या धामधुमीच्या काळात दोन खंडांत निघालेला तो ग्रंथ आज बहुतेक ग्रंथालयांत वरच्या फळीवर असतो. तिथून तो खाली काढावा लागेल. ‘पाठ’, ‘हात’, ‘डोके’, ‘पोट’ यांची पाने उघडावीत आणि मुलांना इंग्रजी जोड्या शोधायला लावाव्यात, जुळणाऱ्या आणि न जुळणाऱ्या दोन्ही. इथे रामनगरात ‘पार’ या एका शब्दावर आठवडा काढता येईल. पार पाडणे, पार पडणे, पारायण, अपार, पार बिघडणे. जो पलीकडच्या तीराला जाऊन पोचला तो पारंगत. मग ‘गेट ओव्हर’, ‘गेट थ्रू’, ‘गेट अक्रॉस’ यांतला फरक नदीवर दाखवावा. पुलावरून गेला तो ओव्हर, पाण्यातून पोहत गेला तो थ्रू, आणि इकडचा निरोप तिकडच्या माणसाला पोचला तर अक्रॉस. मल्लाहाच्या पोराला हे इंग्रजीच्या शिक्षकापेक्षा लवकर कळेल, आणि माझ्या अनुभवात कळलेही आहे. त्याने मला उलट विचारले, की नाव मध्येच वाळूत रुतली तर काय म्हणायचे. ‘इन बिटवीन’ म्हणालो. तो म्हणाला, “काका, मग तर आमची बदलीची अर्जी पण ‘इन बिटवीन’च आहे.” ‘अप इन द एअर’ची ओळ त्याने त्या दिवशी पाहिलेलीही नव्हती.